कोराडीचे कूलिंग टॉवर आणि नागपूरचे सांडपाणी

कोराडीचे नाव काढले की विदर्भात आधी जगदंबेचे देऊळ आठवते, मग तलाव, मग औष्णिक वीज केंद्राची धुराडी. धुराड्यांतून काय बाहेर पडते यावर पुष्कळ बोलले जाते. त्यांच्या शेजारच्या कूलिंग टॉवरवरून उठणाऱ्या पांढऱ्या वाफेकडे कोणी फारसे बघत नाही, कारण ते नुसते पाणी असते. पण ते पाणी येते कुठून आणि जाते कुठे, यावर या केंद्राचा पर्यावरणावरचा निम्मा भार ठरतो.

महानिर्मिती या सरकारी वीज कंपनीचे ६६० मेगावॅटचे तीन संच (८, ९ आणि १०) २०१५ ते २०१७ या काळात कोराडीत सुरू झाले. तिन्हींची मिळून क्षमता १,९८० मेगावॅट. जुन्या संचांना पेंच प्रकल्पाचे पाणी मिळत होते. त्याच पेंचवर नागपूर शहर आणि खालचे सिंचनही अवलंबून. नव्या संचांसाठी पेंचमधून आणखी पाणी काढणे अवघड होते, म्हणून २००८ मध्ये नागपूर महानगरपालिका आणि महानिर्मिती यांच्यात करार झाला. शहराच्या पूर्वेला भांडेवाडीत सांडपाण्यावर प्रक्रिया करून ते शहराच्या उत्तरेला कोराडीला पंपाने न्यायचे. प्रकल्पाची क्षमता १३० एमएलडी, म्हणजे दिवसाला १३ कोटी लिटर. भांडवली खर्चाचा एक मोठा हिस्सा, सुमारे ९० कोटी रुपये, केंद्र सरकारच्या जेएनएनयूआरएम या शहर विकास योजनेतून आला; उरलेला भार आणि प्रकल्प चालवण्याची जबाबदारी महानिर्मितीची. कच्च्या सांडपाण्यासाठी मनपाला वर्षाला १५ कोटी रुपये द्यायचे ठरले. १३० एमएलडी वर्षभर उचलले तर हा दर घनमीटरला तीन रुपयांच्या आसपास पडतो. पुढे भांडेवाडीतच २०० एमएलडीचा दुसरा प्रकल्प खासगी भागीदारीतून उभा राहिला आणि त्याचेही पाणी औष्णिक केंद्रांसाठी ठरले.

१३० एमएलडी म्हणजे वर्षाला ४७.४५ दलघमी (दशलक्ष घनमीटर), जवळपास १.७ टीएमसी. माणशी १३५ लिटरच्या हिशोबाने ९ लाख ६० हजार माणसांचे पाणी. एवढे गोडे पाणी धरणात राहिले, असे सांगितले की प्रकरण संपले असे वाटते. खरा प्रश्न तिथून सुरू होतो. पाइपातून १३० एमएलडी आले, पण टॉवरने ते किती वेळा वापरले?

पुढची गणिते संचाच्या क्षमतेवरून आणि नेहमीच्या अभियांत्रिकी गुणांकांवरून मांडली आहेत, संच पूर्ण भाराने चालतात असे धरून. केंद्राच्या नोंदवहीतले आकडे म्हणून ती वाचू नयेत.

टॉवर पाणी कसे खातो

एक युनिट वीज तयार होताना जवळपास १.२ युनिटएवढी उष्णता कंडेन्सरमध्ये (टर्बाइनमधली वाफ थंड करून पुन्हा पाणी करणाऱ्या भागात) टाकून द्यावी लागते. ६६० मेगावॅटच्या संचासाठी ही सुमारे ७७० मेगावॅट उष्णता. ती वाहून न्यायला दर तासाला साधारण ६५ ते ७० हजार घनमीटर पाणी कंडेन्सरच्या नळ्यांतून फिरते, दहा अंशांनी तापते आणि टॉवरमध्ये वरून खाली पडताना हवेला लागून थंड होते. थंड होण्याचे मुख्य कारण बाष्पीभवन. त्यात फिरत्या पाण्याचा सुमारे दीड टक्का, म्हणजे एका संचामागे तासाला १,००० घनमीटरच्या आसपास, वाफ होऊन उडतो. नागपूरच्या मे महिन्यात जास्त, जानेवारीत कमी.

वाफ शुद्ध असते, क्षार मागे राहतात. फिरते पाणी घट्ट होत जाते. ते ठरावीक मर्यादेत ठेवायला थोडे पाणी सतत बाहेर सोडावे लागते, त्याला ब्लोडाउन म्हणतात. येणाऱ्या ताज्या पाण्याच्या (मेकअपच्या) तुलनेत फिरते पाणी किती पट घट्ट झाले, तो आकडा म्हणजे सीओसी. सूत्र सोपे आहे. मेकअप म्हणजे बाष्पीभवन गुणिले सीओसी, भागिले सीओसी उणे एक.

तीन संचांचे बाष्पीभवन दिवसाला ७२ एमएलडी धरा. सीओसी २ असेल तर मेकअप लागेल १४४ एमएलडी. २.५ असेल तर १२०, ३ ला १०८, ४ ला ९६ आणि ५ ला ९०. सीओसी २ वर चालवायची वेळ आली तर भांडेवाडीचा १३० एमएलडीचा पूर्ण प्रवाहही कमी पडतो आणि तूट धरणातून भरावी लागते. ५ वर चालला तर ४० एमएलडी शिल्लक राहते. पाइप तोच, करार तोच, धरणावरचा ताण मात्र वेगळा. ५ च्या वर मात्र कमाई झपाट्याने घटते. ७ वर गेले तरी मेकअप ८४ पर्यंतच उतरतो, त्या सहा एमएलडीसाठी रसायनांचा खर्च आणि क्षार जमण्याची जोखीम मात्र दुप्पट. सांडपाण्यावर चालणाऱ्या टॉवरसाठी ४ ते ५ हा शहाणपणाचा पट्टा आहे.

केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाच्या डिसेंबर २०१५ च्या अधिसूचनेने जुन्या केंद्रांना प्रति मेगावॅट-तास ३.५ घनमीटरची मर्यादा घातली. २०१७ नंतरच्या नव्या केंद्रांसाठी ती आता ३ घनमीटर आहे. सीओसी ५ वर टॉवरचा मेकअप १.९ घनमीटर पडतो. राख, धूळ दाबणे, बॉयलर, पिण्याचे पाणी हे सगळे धरूनही मर्यादेत बसायला भरपूर जागा राहते. सीओसी २ वर टॉवर एकटाच ३ घनमीटर गिळतो.

सीओसी कोण खाली ओढतो

स्वच्छ नदीच्या पाण्यावर ५ सहज गाठता येतो. सांडपाण्यात चार गोष्टी आड येतात. फॉस्फेट, अमोनिया, सेंद्रिय अन्न आणि फेस. प्रक्रिया केंद्राच्या करारात सहसा बीओडी (जिवाणूंना खाता येणारी सेंद्रिय घाण) आणि टीएसएस (तरंगते घन कण) यांची हमी असते, ती पहिल्या दोघांबद्दल काहीच सांगत नाही. बीओडी १० आणि टीएसएस १० असलेले काचेसारखे पाणी कंडेन्सरची वाट लावू शकते.

फॉस्फेट आधी घेऊ. माणसाच्या मलमूत्रातून आणि धुण्याच्या पावडरीतून घरगुती सांडपाण्यात लिटरला ५ ते ७ मिलिग्रॅम फॉस्फरस येतो. साध्या जैविक प्रक्रियेत त्यातला थोडाच निघतो. टॉवरमध्ये तो चार-पाच पट घट्ट होतो आणि तिथे कॅल्शियम त्याची वाटच बघत असतो. नागपुरात घरोघरी विहिरी आणि बोअर आहेत, त्यांचे कठीण पाणीही गटारातच जाते. कॅल्शियम फॉस्फेटचा स्वभाव असा की पाणी जितके गरम तितके ते कमी विरघळते. म्हणून तो टॉवरच्या हौदात दिसत नाही. कंडेन्सरच्या नळ्यांच्या तापलेल्या टोकाला, जिथे पाणी ४५ अंशांकडे जाते, तिथे पांढऱ्या-पिवळसर थराने चिकटतो. हौदातले नमुने ठीक येत राहतात आणि कंडेन्सरमधला व्हॅक्यूम (निर्वात, ज्यावर टर्बाइनची कार्यक्षमता ठरते) मात्र आठवड्याआठवड्याने खाली येत जातो.

दुसरी मर्यादा कायद्याची आहे. कूलिंग टॉवरच्या ब्लोडाउनमध्ये फॉस्फेट (फॉस्फरस म्हणून) ५ मिलिग्रॅम, मुक्त क्लोरीन ०.५, जस्त १ आणि क्रोमियम ०.२ मिलिग्रॅम प्रति लिटर यापेक्षा जास्त चालत नाही. सीओसी ५ हवा असेल तर मेकअपमध्ये फॉस्फरस १ मिलिग्रॅमच्या आत हवा, ४ हवा असेल तर १.२५. त्यातही टॉवरमध्ये गंज रोखायला आपणच फॉस्फोनेट घालतो, म्हणून खरी जागा याहून थोडी कमी. करारात जर 'एकूण फॉस्फरस २ पेक्षा कमी' असे लिहिले असेल तर त्या एका ओळीने सीओसी अडीचवर बांधून टाकला.

फॉस्फरस काढण्याची जागा भांडेवाडी, कोराडी नव्हे. एसबीआर पद्धतीत एकाच टाकीत आळीपाळीने पाणी भरणे, हवा देणे, गाळ बसवणे आणि वरचे निथळ काढणे चालते. भरतीच्या वेळी काही काळ हवा पूर्ण बंद ठेवली की विशिष्ट जिवाणू फॉस्फरस जास्त साठवतात आणि तो वाया जाणाऱ्या गाळाबरोबर बाहेर पडतो. हा गाळ मात्र ताबडतोब दाबून सुकवायला लागतो. तो हौदात दोन दिवस कुजू दिला तर साठवलेला फॉस्फरस परत पाण्यात सुटतो आणि गाळाचे पाणी प्रकल्पाच्या तोंडाशी परत सोडले जात असल्याने तोच फॉस्फरस गोल फिरत राहतो. ही चूक फार ठिकाणी होते, कारण गाळाची यंत्रे नेहमीच दुरुस्तीत असतात.

जैविक मार्गाने उरलेला काढायला फेरिक क्लोराइड किंवा तुरटी. एक किलो फॉस्फरसमागे कागदावर ५.२ किलो फेरिक क्लोराइड, प्रत्यक्षात ८ ते १० किलो. १३० एमएलडीतून ३ मिलिग्रॅम काढायचे तर दिवसाला ३९० किलो फॉस्फरस, म्हणजे तीन ते चार टन फेरिक क्लोराइड. शिवाय त्याचा वेगळा रासायनिक गाळ. मात्रा प्रवाहाच्या मीटरशी जोडली नसेल तर पहाटे जास्त आणि सकाळी नऊ वाजता कमी पडते.

अमोनिया

अमोनिया तीन वेगवेगळ्या वाटांनी नुकसान करतो. पहिली वाट क्लोरीनची. टॉवरमधले शेवाळ-जिवाणू मारायला टाकलेला क्लोरीन आधी अमोनियाशी जुळतो आणि क्लोरामाइन बनतो, जो मारण्यात कमजोर. अमोनिया पूर्ण संपवून मुक्त क्लोरीन मिळवायचा तर एक किलो अमोनियातील नायट्रोजनमागे ८ ते १० किलो क्लोरीन. मेकअपमध्ये ५ मिलिग्रॅम अमोनिया असेल तर १३० एमएलडीमागे ६५० किलो नायट्रोजन, म्हणजे दिवसाला साडेपाच टन क्लोरीन, ९०० किलोचे सहा टनर (मोठे सिलिंडर). एवढा साठा ठेवणे हाच एक धोक्याचा कारखाना झाला. भांडेवाडीतच हवा देऊन अमोनिया ५ वरून १ वर आणला तर त्याला दिवसाला २.४ टन ऑक्सिजन, साधारण १,२०० ते १,६०० युनिट वीज लागते. तिकडे चार टनांहून जास्त क्लोरीन वाचतो. हिशोब कोणत्या बाजूला झुकतो हे सांगायला नको.

दुसरी वाट तांब्याची. कंडेन्सरच्या नळ्या पितळी किंवा तांबे-निकेल मिश्रणाच्या असतील तर अमोनिया त्यांना गंजवतो, पितळी नळ्यांना तर तडेही पाडतो. सांडपाण्यावर चालणाऱ्या नव्या संचाला स्टेनलेस स्टील किंवा टायटॅनियम हवे, आणि स्टीलमध्येही क्लोराइड बघून. ३०४ जातीला २०० मिलिग्रॅमच्या आसपास भीती सुरू होते, ३१६ जाती बरेच जास्त सहन करते. मेकअपमध्ये १०० असलेले क्लोराइड सीओसी ५ वर ५०० होते. अमोनिया मारायला घातलेला क्लोरीनही शेवटी क्लोराइडच बनतो, हे विसरले जाते. जुन्या पितळी कंडेन्सरच्या संचाला सांडपाणी द्यायचे असेल तर आधी नळ्या बदलण्याचा खर्च मांडावा, मग पाइपलाइनचा.

तिसरी वाट सर्वांत चोरटी. टॉवर म्हणजे ऊबदार, हवेशीर, भरपूर पृष्ठभागाची जागा. तिथे अमोनियाचे नायट्रेट करणारे जिवाणू आपोआप वसतात. ते एक मिलिग्रॅम नायट्रोजनमागे ७ मिलिग्रॅमहून जास्त क्षारता (पाण्याची आम्ल पेलण्याची ताकद) खातात. क्षारता संपली की पीएच कोसळतो आणि कार्बन स्टीलचे पाइप गंजू लागतात. शिफ्ट केमिस्ट मग आम्लाचा पंप बंद करतो. चार दिवसांनी क्लोरीनचा जोरदार डोस बसला की ते जिवाणू मरतात, पीएच एकदम वर जातो आणि आम्लाअभावी फॉस्फेट बसायला लागते. आळीपाळीने गंज आणि थर असे चित्र दिसले तर रसायन पुरवठादाराला दोष देण्याआधी मेकअपमधल्या अमोनियाचा तासातासाचा आलेख मागवावा.

क्लोरीन डायऑक्साइड अमोनियाशी जुळत नाही, म्हणून सांडपाण्याच्या टॉवरला तो जास्त मानवतो. महाग आहे आणि जागेवरच तयार करावा लागतो, पण टनरचा साठा कमी होतो. त्याच्या जोडीला आठवड्याला एकदा वेगळ्या जातीचे जंतुनाशक आलटून पालटून, नाहीतर जिवाणू सरावतात.

पाणी वाचवताना कोळसा जाळणे

नळीच्या आत जिवाणूंचा बुळबुळीत थर कागदाएवढा जाड असला तरी उष्णता अडवायला पुरतो, कारण त्यात बहुतेक पाणीच असते आणि ते हलत नाही. कंडेन्सरचे व्हॅक्यूम पाऱ्याच्या १० मिलिमीटरने घसरले की उष्णतेचा खर्च साधारण एका टक्क्याने वाढतो. तीन संच पूर्ण भाराने दिवसाला ३० हजार टनांच्या आसपास कोळसा जाळतात. एक टक्का म्हणजे दिवसाला ३०० टन. त्या कोळशाची राखही आपलीच, साधारण शंभर टन.

याच्याशी तुलना करा. भांडेवाडीत प्रक्रिया करायला घनमीटरला ०.२ ते ०.३ युनिट, म्हणजे दिवसाला २६ ते ३९ हजार युनिट. पंपिंगला चढ आणि घर्षण मिळून ६० मीटर धरले तर आणखी ३० हजार. एकूण ६० ते ७० हजार युनिट, संचांच्या दिवसाच्या पावणेपाच कोटी युनिटांच्या ०.१५ टक्क्याहून कमी. सांडपाणी आणण्याची ऊर्जा ही किरकोळ बाब आहे. घाणेरड्या कंडेन्सरचा एक टक्का मात्र किरकोळ नाही. बैठकांत चर्चा मात्र पंपाच्या वीजबिलावर होते.

म्हणून टॉवरच्या बाजूला काही गोष्टी सुरुवातीलाच बसवाव्या लागतात, नंतर जागा मिळत नाही. फिरत्या पाण्याच्या निदान २ टक्के, म्हणजे संचामागे तासाला १,३०० घनमीटर, पाणी गाळणारे बाजूचे फिल्टर. नळ्यांतून स्पंजच्या गोळ्या फिरवणारी चालू संचातली सफाई, आणि रोज परत आलेल्या गोळ्यांची मोजणी. गोळ्या परत येत नसतील तर जाळीतून निसटून त्या कुठेतरी नळ्याच बुजवत आहेत. टॉवरमधले भरण (पडते पाणी पसरवणारे थर) दाट पापुद्र्यांचे नको. त्यात थंडावा जास्त मिळतो, पण सांडपाण्याच्या गाळाने ते वर्षभरात बुजते आणि वजनाने खाली बसते. मोठ्या फटींचे किंवा थेंब फोडणाऱ्या पट्ट्यांचे भरण घ्यावे आणि त्याबदल्यात टॉवर थोडा मोठा बांधावा.

फेस ही दिसायला क्षुल्लक, पण गावाशी भांडण लावणारी गोष्ट. साबणाचे अंश टॉवरमध्ये घुसळले गेले की हौदावर फुटाफुटाचा फेस चढतो आणि वाऱ्याने उडतो. फेस मारणारे औषध आहे. ते जास्त झाले की तेच जिवाणूंचे अन्न. उडणाऱ्या तुषारांचा प्रश्न त्याहून गंभीर. मेकअप मूळचा मलजल असल्याने त्या थेंबांतून लेजिओनेलासारखे फुफ्फुसाचा आजार करणारे जंतू जाऊ शकतात. तुषार अडवणाऱ्या पट्ट्या फिरत्या पाण्याच्या ०.००२ टक्क्यापर्यंत गळती रोखू शकतात, पण एक तुटकी चौकट तो सगळा हिशोब बिघडवते. दर बंदच्या काळात माणूस आत पाठवून चौकटी तपासाव्यात, आणि पाठवताना तोंडाला चांगला मास्क हवा.

पाइपातले तीन-चार तास

१३० एमएलडी म्हणजे सेकंदाला दीड घनमीटर. १.२ मीटर व्यासाच्या वाहिनीत हे पाणी सेकंदाला १.३ मीटर वेगाने जाते. पंधरा-वीस किलोमीटरला तीन ते चार तास. या वेळात थोडा क्लोरीन टिकला पाहिजे, नाहीतर पाइपाच्या आत थर वाढतो, पंपाचा दाब चढत जातो. पंप बारा तास बंद पडले तर अडकलेल्या पाण्यातला ऑक्सिजन संपून ते कुजते; पुन्हा सुरू केल्यावर पहिले हजारो घनमीटर काळे, वासाचे, सल्फाइडचे पाणी पुढे येते. ते टॉवरमध्ये घेऊ नये, बाजूला काढायची वाट आधीपासून ठेवावी.

शहर सकाळी सात ते अकरा पाणी सोडते, रात्री दोन वाजता जवळजवळ काहीच नाही. संच मात्र रात्रीही चालतो. चार तासांच्या साठ्यासाठी २२ हजार घनमीटरची टाकी लागते, आणि ती झाकलेली हवी. 'कोराडीचा तलाव आहे ना, त्यातच सोडा' हा विचार मोहात पाडणारा आहे. फॉस्फरसयुक्त पाणी उघड्या तलावात सोडले की पहिल्या उन्हाळ्यात जलपर्णी आणि हिरवे शेवाळ, आणि ते शेवाळ पुन्हा कंडेन्सरच्या जाळीवर. देवीच्या दारातला तलाव तर जातोच.

पावसाळ्यात उलटे. नाल्याचे पाणी गटारात मिसळते, प्रवाह दुप्पट, सोबत माती आणि प्लॅस्टिक. २० मिलिमीटरच्या आणि नंतर ६ मिलिमीटरच्या जाळ्या तासाला साफ होत नसतील तर एसबीआरच्या टाकीत पिशव्यांचे दोर तयार होतात आणि हवा देणाऱ्या पडद्यांना गुंडाळतात. पातळ पाण्यात जिवाणूंना अन्न कमी मिळते, फॉस्फरस काढणारे आधी उपाशी मरतात. म्हणून जुलै-ऑगस्टमध्ये फेरिकची मात्रा कमी करायची नसते.

दुष्काळात काय होते

सांडपाणी हा धरणापासून स्वतंत्र स्रोत आहे असे मानले जाते. तो तसा नाही. शहराला दिलेल्या पाण्याचे साधारण ८० टक्के सांडपाणी होते. १३० एमएलडी मिळायला शहराला किमान १६० एमएलडी पाणी आधी मिळावे लागते. जुलै २०१९ मध्ये पेंचचा साठा आटल्यावर नागपुरात एक दिवसाआड पाणी सुटले. वर मध्य प्रदेशात चौराईचे धरण झाल्यापासून पेंचमध्ये येणारे पाणीही घटले आहे. शहराची तोटी कोरडी पडली की भांडेवाडीचा ओघही बारीक होतो आणि उरलेले पाणी जास्त घट्ट येते. नेमके तेव्हाच उन्हामुळे टॉवरचे बाष्पीभवन शिखरावर. परळीचे केंद्र २०१३ मध्ये पाण्याअभावी बंद ठेवावे लागले होते. सांडपाण्याने कोराडीला त्या टोकापासून दूर नेले, पण पूर्ण सुटका केलेली नाही. नागपूर मोठे शहर असल्याने सांडपाणी गरजेच्या कितीतरी पट आहे, हे कोराडीचे नशीब. २०१६ च्या वीजदर धोरणाने ५० किलोमीटरच्या आत सांडपाणी केंद्र असलेल्या औष्णिक केंद्रांना ते पाणी वापरणे सक्तीचे केले; लहान शहराशेजारच्या केंद्राने आधी रात्रीचा आणि मे महिन्याचा प्रवाह मोजावा, वार्षिक सरासरीवर जाऊ नये.

आणखी एक गोष्ट कागदावरची. सांडपाणी सुरू झाले तरी धरणातले जुने आरक्षण 'अडीअडचणीला' म्हणून केंद्राच्या नावे राहिले तर पाणी धरणात शिल्लक दिसते, पण शहराला किंवा शेतीला कायमचे देता येत नाही. बचत तेव्हाच खरी, जेव्हा जलसंपदा विभागाच्या नोंदीत आरक्षणाचा आकडा खाली येतो. बॉयलरचे शुद्ध पाणी आणि पिण्याचे पाणी यासाठी गोडे पाणी लागेलच, पण तिन्ही संचांच्या बॉयलरला दिवसाला दीड-दोन एमएलडी पुरते. आणीबाणीसाठी आणखी काही दिवसांचा साठा धरावा. तेवढेच आरक्षण ठेवावे.

खालच्या अंगाला काय होते हेही बघायला हवे. नाग नदीची घाण कन्हानमार्गे वैनगंगेत आणि तिथून गोसेखुर्दच्या जलाशयात पोचते. भांडेवाडीने उचललेले प्रत्येक एमएलडी तेवढी घाण कमी करते. पण सीओसी ५ वर टॉवरने घेतलेल्या पाण्यातले तीन चतुर्थांशाहून जास्त पाणी कोराडीच्या आकाशात उडते, नदीत परत येत नाही. उन्हाळ्यात नाल्याच्या पाण्यावर भाजी पिकवणाऱ्याला हे आधी कळते.

ब्लोडाउनचे काय करायचे

सीओसी ५ वर तीन संचांचे ब्लोडाउन १८ एमएलडी, ३ वर ३६. हे पाणी राख वाहून नेणे, कोळशाच्या यार्डात धूळ दाबणे यांना जाते. सोय चांगली आहे, पण दोन गोष्टी सांभाळाव्या लागतात. धूळ दाबायच्या फवाऱ्यात ते वापरायचे तर आधी पूर्ण निर्जंतुक हवे, कारण फवारा माणसांच्या नाकासमोर असतो. राख बंधाऱ्यात गेलेले पाणी परत आणून पुन्हा राखेलाच वापरावे. ते टॉवरमध्ये मिसळण्याचा मोह झाला तर सल्फेट आणि कॅल्शियम घेऊन येते आणि सीओसी कोसळतो. राख कोरडी उचलण्याचे प्रमाण जसे वाढेल, तसे ब्लोडाउन जिरवायची जागा कमी होईल. कोरडी राख आणि कमी सीओसी एकत्र चालत नाहीत. एक सुधारणा दुसरीला गाठ मारते ती इथे. राखेच्या विभागाने आपली योजना पाण्याच्या विभागाला सांगितलेली नसते, म्हणून ही गाठ उशिरा दिसते.

अशा प्रकल्पाचा करार लिहिताना बीओडी, टीएसएस यांच्याखाली चार ओळी वाढवाव्यात. फॉस्फरस १ च्या आत, अमोनिया नायट्रोजन १ च्या आत, क्लोराइडची कमाल मर्यादा, आणि चौथी ओळ नमुन्याची. नमुना दिवसाची सरासरी नको, दर दोन तासांचा हवा, दंडही त्यावरच. आणि केंद्राच्या मासिक अहवालात एका रांगेत पाच आकडे यावेत. किती एमएलडी सांडपाणी आले, धरणातून किती घेतले, महिन्याचा सरासरी सीओसी किती, ब्लोडाउन कुठे गेले, कंडेन्सरचे व्हॅक्यूम अपेक्षेपेक्षा किती खाली. सध्या जाहीर होतो तो बहुधा पहिला आकडा.